पुढच्या पेटीतलं पाणी

८ डिसेंबर, रविवार

शिवानीनं हुकूम काढलाय, रोजचं काम वहीत लिहायचं. परीक्षेला नोंद लागते म्हणे. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, शिकायला विष्णुपुरीला, आणि प्रोजेक्ट म्हणून पोरीनं निवडलं काय, तर शिडाची होडी! आम्ही मुरुडचे, समुद्राकाठच्या नव्हे, लातूरकडच्या. पंचवीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. मला पोहतासुद्धा येत नाही.

मी तसं म्हणालो, तर म्हणाली, "अप्पा, होडी अर्धी ट्रॉलीच हाय. आपल्याकडं समुद्र न्हाई, पण धरणं किती हायत मोजा की. जीपला जोडायची, पाण्यात सोडायची, संध्याकाळी परत घरी." तिचं बोलणं ऐकलं की मला वाटतं, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही. तिथंच मी फसतो.

तिच्या वहीत मापं लिहीन. या वहीत बाकीचं. ही वही तिला दाखवायची नाही.

१९ डिसेंबर

पत्र्यावरून भांडण. मी म्हणालो पाच मिलिमीटर, ती म्हणाली तीन. अ‍ॅल्युमिनियमचा नाजूक पत्रा, चौदा फूट लांब होडी, सव्वापाच फूट रुंद. ट्रॉली जितकी जड तितकी चांगली, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. शिवानी म्हणते, जड झाली की जीपला ओढवत नाही, वाऱ्याला हलवत नाही आणि एकट्या माणसाला काठावरून ढकलवत नाही. तीनचाच पत्रा आणला.

बाकीची रचना मात्र मला मनापासून आवडली. पोटात मधोमध एक फट, तिच्यातून लोखंडी पातं खाली उतरतं. आडवा वारा आला तरी होडी बाजूला घसरत नाही. काठ आला की दोरी ओढायची, पातं वर, म्हणजे ट्रॉलीवर होडी सपाट बसते. डोलकाठी बुडाशी एका खिळीवर आडवी होते, त्यामुळे रस्त्यात विजेच्या तारा असल्या तरी अडत नाही. पुढं एक आणि मागं एक अशा दोन बंद पेट्या, प्रत्येकीला होडीच्या आतल्या बाजूनं एक बूच. आत नुसती हवा. होडी उलटली, पाण्यानं भरली, तरी या पेट्या तिला वर धरणार.

"माझा जीव ह्या दोन पेट्यांत हाय, अप्पा," असं शिवानी हसत म्हणाली. जगदेवी चहा घेऊन आली होती. पोरीची आईच ती, तिला हसू आलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

रुद्रेशनं दोन्ही पेट्या बंद केल्या. बावीस वर्षं तो माझ्याकडे आहे. मधली दोन वर्षं दुधाचे टँकर बनवायला पुण्याकडे गेला होता, तिथं आर्गन वेल्डिंग शिकला. आता रेणापूरपासून औशापर्यंत लोक विचारतात, ट्रॉली भीमाशंकरची असू दे, वेल्डिंग रुद्रेशचं आहे ना? भीमाशंकर म्हणजे मी. मला त्याचा राग येत नाही. थोडा येतो.

पेटीत कॉम्प्रेसरनं हवा भरली आणि जोडांना साबणाचं पाणी लावलं. गळत असेल तिथं बुडबुडा येतो. रुद्रेश गुडघ्यावर बसून इंच इंच बघत होता. शिवानी मोबाइलचा उजेड धरून.

"न्हाई अण्णा, एक बी बुडबुडा न्हाई," तो म्हणाला. त्यानं तिला शाळेत असताना वेल्डिंग शिकवलं, तेव्हापासून ती त्याला काका म्हणते. दोघांनी टाळी दिली.

२ फेब्रुवारी, रविवार

वसंत पंचमी, म्हणून आजच होडीची पूजा. शिवानी कॉलेजात होती, तिला फोनवर दाखवली. नारळ फोडला, विभूती लावली, नाकावर ट्रॉलीला मारतो तसा पिवळा पट्टा मारला. लिंबू-मिरची बांधायला जागा नव्हती. ओढायच्या कडीला बांधलं तर हुक लावताना चिरडलं असतं. रुद्रेश जेवायला गेला होता. मग मीच ड्रिल घेतलं, पट्ट्याच्या जरा खाली नाकाला आरपार भोक पाडलं, तार ओवली आणि लिंबू लटकवलं. पंचवीस वर्षांत एकही ट्रॉली माझ्या दारातून लिंबाशिवाय बाहेर गेलेली नाही.

पोटभर जेवलो. होडी फार देखणी दिसते.

९ फेब्रुवारी, रविवार

काल शनिवारचं नवं लिंबू बांधलं आणि आज होडी पाण्यावर गेली!

पावणेदोनशे किलोमीटर आलो, ट्रॉलीचा एक बोल्ट ढिला झाला नाही. विष्णुपुरीच्या धरणाला काळेश्वराच्या देवळाच्या बाजूला उताराचा काठ आहे. ट्रॉली मागं मागं पाण्यात नेली, हुक सोडला, होडी रबरी रुळांवरून अशी उतरली की मला ओरडावंसं वाटलं. शिवानीनं डोलकाठी उभी केली, पातं सोडलं, शीड ओढलं. ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेलं ते शीड पोट फुगवून उभं राहिलं आणि पोरगी माझ्यापासून लांब जाऊ लागली.

तासभर मी काठावर उभा होतो. पाय दुखत होते, पण बसवलं नाही. रुद्रेश शेजारी उभा राहून सारखा म्हणत होता, "काय न्हाई हुत अण्णा, काय न्हाई हुत."

१० फेब्रुवारी

झालं ना! सकाळी पुढच्या पेटीचं बूच काढलं आणि अर्धी बादली पाणी निघालं.

बंद पेटीत पाणी. आणि माझी पोरगी तासभर तिच्यावर बसून होती.

डोकंच फिरलं. तसाच गुरुबसप्पाच्या हॉटेलात गेलो. रुद्रेश सकाळचा चहा तिथंच घेतो. दहा-बारा माणसं होती. मी बोलायला सुरुवात केली ती थांबलोच नाही. पोरीचा जीव घेणार होतास, असं म्हणालो. तुझं वेल्डिंग आता देवळाच्या दानपेटीला चालेल, पाण्याला नाही, असंही म्हणालो. कोणीतरी हसलं.

रुद्रेश म्हणाला, "अण्णा, साबण लावून परत बघू. माझा जोड असंल तर कापून टाका."

"साबणानं पत्रा धुतला जाईल, नाव नाही," मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि उठून गेला. दुपारी वर्कशॉपच्या किल्ल्या टेबलावर ठेवलेल्या दिसल्या. माझं चुकलं नाही. पोरीचा जीव आहे, कौतुकानं बोलू काय?

१२ फेब्रुवारी

शिवानीचा फोन. तिला सांगितलं, थोडी ओल धरली होती, जोडाचं काम करतोय. "साबणाची चाचणी परत केली का?"

"केली," म्हणालो.

केली नाही.

१७ फेब्रुवारी

लातूरहून दुसरा वेल्डर आणला. नाकाचा जोड लिंबाच्या तारेपाशी होता, तेवढा सोडून पुढच्या पेटीच्या बाकी सगळ्या जोडांवर त्यानं पुन्हा आर्गन फिरवलं. जाताना म्हणतो, "मालक, जुना जोड लई चांगला होता की. कुणाचा हाय?" मी पाण्याची बाटली पुढे केली.

मागच्या पेटीला हात लावू दिला नाही. ती कोरडी होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिंबू बदललं. जगदेवीनं बातमी आणली की रुद्रेश रेणापूरला कामाला लागलाय, सकाळी सातच्या बसनं जातो. "जावा, बोलवून आणा त्याला," ती म्हणाली. मी म्हणालो, चूक त्याची आणि पाया मी पडू? त्यावर ती एवढंच म्हणाली, "चूक कुणाची ते कळलं का अजून?" बायकांना लोखंडातलं काय कळतं! पण रात्री भाकरी निम्मी टाकून उठलो.

२ मार्च, रविवार

दुसरी फेरी, विष्णुपुरी. सुरुवातीला वारा नव्हता. होडी अर्धा तास काठालगत नुसती उभी. मी बूच काढून बघितलं, आत थेंब नाही. मला इतका आनंद झाला की मी शिवानीला मिठीच मारली. मग वारा आला, ती पलीकडे जाऊन आली, पुन्हा बूच काढलं. पाऊण बादली.

उभी असली की गळत नाही, पळाली की गळते. असं कसं होतं?

शिवानी काठावर शीड गुंडाळत होती. तिनं लांबून विचारलं, "किती?" मी म्हणालो, तांब्याभर. ती जवळ आली. "तांब्याभर काय, बादलीभर काय, पाणी येतंय म्हणजे ती पेटीच न्हाई अप्पा. शनिवारी परीक्षा हाय. मी एकटीच जाणार होडीत. मी मुरुडला येऊ का? मीच साबण लावून बघते."

"मी बघतो. तू अभ्यास कर."

५ मार्च

आता खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. कॉम्प्रेसर चालू आहे. साबण घरात आहे. अर्ध्या तासाचं काम. मी तीन वेळा बादली भरून होडीजवळ नेली आणि तीनही वेळा पाणी ओतून दिलं. जोडावर एकही बुडबुडा निघाला नाही तर? तर रुद्रेश खरा, आणि मी दहा माणसांत जे बोललो ते काय ठरेल?

चाचणीऐवजी एम-सीलची वीस पाकिटं आणली. आतून हात पोचत नाही म्हणून बाहेरून सगळे जोड लिंपून काढले. बोटांची सालं निघाली. नाकापाशी लिंबाची तार होती, ती तेवढी सोडून.

पोरीला परीक्षा पुढं ढकल म्हणावं काय? ती कारण विचारेल. मग काय सांगू?

७ मार्च

उद्या.

जगदेवी म्हणाली, "खरं सांगा, होडी चांगली हाय ना?" मी हो म्हणालो. तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मी जीपची हवा बघायला बाहेर गेलो.

८ मार्च, शनिवार

क्रमानं लिहितो.

पहाटे नवं लिंबू बांधलं आणि निघालो. नऊला विष्णुपुरी. परीक्षक दोघे, त्यांना खुर्च्या टाकल्या होत्या. शिवानीनं लाल जाकीट घातलं. मासे धरणारा व्यंकट त्याची होडी घेऊन लांब उभा राहणार, असं आधीच ठरलं होतं. पलीकडचा काठ गाठून परत यायचं, एवढीच परीक्षा.

अकराला वारा उठला, नेहमीपेक्षा दुप्पट. शिवानीनं माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी हात वर करून थांब म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. जा म्हणून.

वारा पाठीमागून होता. होडी सुसाट गेली, परीक्षक उभे राहून वा वा करू लागले. पाठीवर वारा घेतला की होडी नाक खाली घालते. काठ सोडताना लिंबू लाटेला लागत होतं, वर येत होतं, पुन्हा लागत होतं. नंतर लांबून लिंबू दिसेना. पिवळा पट्टा दिसत होता. मी त्या पट्ट्यावर डोळे लावून होतो. मधोमध गेल्यावर तो निम्मा झाला. मग एक लाट आली आणि पट्टा दिसायचा बंद झाला.

मी ओरडलो. वाऱ्यात तिला कुठलं ऐकू जाणार! पण तिला कळलं होतं. तिनं शिडाची दोरी सोडून दिली. शीड फडफडायला लागलं, होडीचं नाक पाण्यात, शेपूट वर. ती हातापायांवर मागं सरकत गेली आणि मागच्या पेटीवर पालथी पडून तिनं दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारली. पुढचा अर्धा भाग पाण्याखाली. मागची पेटी तेवढी वर. आता तीही जाणार, असं मला प्रत्येक लाटेला वाटत होतं. लाट यायची, लाल जाकीट दिसेनासं व्हायचं, मी श्वास धरायचो, जाकीट पुन्हा दिसायचं.

मी पाण्यात शिरलो होतो. छातीपर्यंत आलं होतं, असं परीक्षक नंतर म्हणाले, त्यांनी माझा सदरा धरून ठेवला होता. मला आठवत नाही. व्यंकट वल्ही मारत पोचला आणि तिला हात देऊन घेतलं. दहा मिनिटं लागली असतील. माझी सत्तावन्न वर्षं झाली, पण त्या दहा मिनिटांएवढं लांब काही नव्हतं.

होडी ओढून ट्रॉलीवर घेतली. नाक रुळांवर चढून वर आलं तशी त्यातून धार सुरू झाली. डाव्या बाजूनं एक, उजव्या बाजूनं एक. पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ लांब जाऊन पडणाऱ्या दोन धारा. आणि दोन्हींच्या मधोमध तारेला लटकलेलं माझं लिंबू, हिरवंगार, चार मिरच्यांसकट.

सगळे बघत होते. जोडांवर लिंपलेलं एम-सील जसंच्या तसं कोरडं ठणठणीत.

शिवानी टॉवेल गुंडाळून जवळ आली. तिचे दात वाजत होते. तिला वाटत होतं लिंबू कडीला बांधलंय. तिनं तार ओढली, बोट भोकावर ठेवलं, धार थांबली. बोट काढलं, धार सुरू.

"अप्पा, हे भोक कुणी पाडलं?"

"मी."

ती वळली. मागं गेली आणि मागच्या पेटीचं बूच काढलं. आम्ही वाट बघितली. थेंब आला नाही. तिनं पेटीवर तळवा ठेवला.

"रुद्रेशकाकाची पेटी," म्हणाली, आणि मग रडली.

९ मार्च

परीक्षकांनी बावीस तारीख दिली. रचना चांगली आहे म्हणाले, भोक तेवढं बुजवा. भले लोक.

ही वही मागं चाळली. दोन फेब्रुवारीला माझ्याच अक्षरात लिहिलंय, आरपार भोक पाडलं. त्यानंतर शनिवार आला की लिंबू, लिंबू, लिंबू. काखेत कळसा म्हणतात तो असा. दर शनिवारी स्वतःच्या बोटांनी त्या भोकात तार ओवत होतो आणि पाणी कुठून येतं म्हणून दुसऱ्याचं नाव बुडवत होतो. लिंबाचं भोक हे भोक असतं, हे पंचवीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. ट्रॉलीच्या भोकानं कोणी बुडत नाही ना.

पण भोकाचं सोडा. ते अडाणीपण. "केली" म्हणून खोटं बोललो, त्याला काय म्हणू? आणि सगळं ठाऊक असून जा म्हणून मान हलवली, त्याला?

शिवानी काल माझ्याबरोबर घरी आली होती, वही तिला वाचायला दिली. सगळी. तिनं तासाभरानं परत आणून दिली. "रुद्रेशकाकाकडं कधी जाणार?" एवढंच विचारलं. माझ्याकडे बघून नाही, वहीकडे बघून.

११ मार्च

रेणापूरला गेलो. रुद्रेश एका शेडमध्ये गेट जोडत होता. बावीस वर्षांत रोज तो आधी हात जोडायचा. आज मीच आधी हात जोडून "शरणार्थी" म्हणालो, आमच्यातला नमस्कार. त्यानं डोळ्यांवरची काच वर केली.

मी सगळं सांगितलं. लिंबू, ड्रिल, न केलेली चाचणी, मागची पेटी. शिवानी पाण्यात होती हे ऐकल्यावर त्याच्या हातातली पट्टी खाली पडली.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"तुझ्या पेटीमुळं बरी आहे."

त्यानं पट्टी उचलून गेटला टेकवली. मग म्हणाला, "मालक, तुमी मला घरात न्हाई बोललाव. हॉटेलात बोललाव, धा माणसांत. त्या दिवसापासून माणसं मला इचारतेत, पाण्याची टाकी जोडशील का दानपेटी? आन आज शेडमागं येऊन सांगताव व्हय?"

मालक म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ मार्च

काल संध्याकाळी मीच होडीच्या नाकाचा तो तुकडा कापून काढला. वीतभर पत्रा, कोपऱ्यात जोडलेला, दोन बाजूंना दोन भोकं. चाळीस मिनिटं लागली. रुद्रेशचा जोड सुटता सुटेना.

सकाळी साडेसहालाच गुरुबसप्पाच्या हॉटेलात जाऊन बसलो. हळूहळू नेहमीची माणसं आली. रुद्रेश आला, मला बघून दाराशी थांबला, मग कोपऱ्यातल्या बाकावर बसला. समोर रेणापूरची बस लागली होती.

मी उभा राहिलो. शिव्या द्यायला उभा राहिलो होतो त्या दिवशी शब्द कसे भराभर आले होते! पत्रा सगळ्यांना दिसेल असा धरला. म्हणालो, "गेल्या महिन्यात मी इथं रुद्रेशला बोललो. पाणी त्याच्या जोडातून आलं नव्हतं. ह्या भोकातून आलं. ही भोकं मी पाडली, लिंबू बांधायला. पोरगी बुडत होती, तिला त्याच्या पेटीनं धरून ठेवलं. मी खोटं बोललो. त्याचा जोड कापायला काल मला चाळीस मिनिटं लागली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गुरुबसप्पानं पत्रा हातात घेतला, भोकाला डोळा लावून आरपार बघितलं आणि पुढच्याला दिला. पत्रा बाकाबाकावरून फिरत गेला. जोडावर अंगठा फिरवून प्रत्येक जण कोपऱ्याकडे बघत होता. शेवटी तो रुद्रेशपाशी पोचला. त्यानं बघितलाच नाही. उलटा करून बाकावर ठेवला.

बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. रेणापूरची दोन माणसं उठून पळाली. मी रुद्रेशच्या पायांकडे बघत होतो. बस धूळ उडवत निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. तो बसूनच होता.

गुरुबसप्पानं माझ्यापुढं चहा ठेवलेला होता. हात लावायचं मला सुचलं नव्हतं.

"अण्णा," रुद्रेश म्हणाला, "चहा निवला तुमचा."